डब्यातला भंडारा

"इंदे, हात काढ आतनं," भागूमामा म्हणाला आणि त्यानं माझं मनगट स्क्रूड्रायव्हरसकट धरलं.

मी हुसेनचाचांच्या फोटो स्टुडिओत फरशीवर बसले होते. पुढ्यात कॉम्प्युटरचा डबा आडवा पाडलेला. जत्रेआधी एकदा आतून पुसून घ्यावा म्हणून मी त्याच्या बाजूचा पत्रा काढला होता. स्क्रू गंजून पत्र्याला चिकटले होते. चाचांनी डबा तालुक्याहून दुरुस्त करून आणल्यापासून तो कुणी उघडलाच नव्हता. आणि आत, तळाला, चांगला मूठभर भंडारा साठला होता. वायरींवर भंडारा, पंख्यांच्या पात्यांवर भंडारा, आणि सीडी घालायच्या खाचेच्या बरोबर खाली एक ढीग, कुणी ओंजळीनं ठेवल्यासारखा.

"धूळ आहे, मामा."

"धूळ?" त्यानं माझा हात झटकला, टोपी काढली आणि गुडघे टेकले. "बंद डब्यात देव आलाय आन् तू धूळ म्हनतीस? सदानंदाचा येळकोट!"

भंडारा म्हणजे हळदच. पण बाणखेडात तिला हळद म्हटलं तर लोक कानाखाली वाजवतात.

बाणखेड म्हणजे खंडोबाची टेकडी आणि तिच्या पायाशी चिकटलेली दुकानं. नवी जोडपी येतात, नवरा बायकोला उचलून चार पायऱ्या चढतो, हुसेनचाचा मुलाणी त्यांचा फोटो काढतात आणि दर्शन करून खाली येईपर्यंत फोटो छापून तयार. छापायचं काम माझं. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. शाळा कधीच सुटली होती. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही. चाचांकडे दुसरा एक मेलेला डबा पडून होता, तो उघडत आणि जोडत मी शिकले.

भागूमामा माझ्या आईच्या जागरण पार्टीचा म्होरक्या. मामा म्हणायचं एवढंच, नातं काही नाही. तो वाघ्या, आई मुरळी. मुरळी म्हणजे देवाशी लग्न लावलेली स्त्री, असं पुस्तकात लिहितात. मी मुरळीच्या पोटची आहे, मी सांगते. मुरळी म्हणजे जिला देवाच्या नावानं घराबाहेर काढली आणि मग जिच्या दारात देव सोडून बाकी सगळे आले, ती. माझ्या बापाचं नाव आईनं कधी घेतलं नाही. त्या वर्षी तिचा आवाज गेला होता. वरच्या पट्टीत गेली की घसा फाटायचा, लोक हसायचे. तरणी मुरळी नसेल तर जागरणाला बोलावतं कोण? भागूमामा वर्षभर माझ्याकडे बघत होता, बाजारात म्हैस बघतात तसा.

आणि आमच्याकडे रीत होती. बंद वस्तूत आपोआप भंडारा सापडला, तर ती वस्तू ज्या पोरीच्या हातातली, तिला देवानं मागितलं.

भागूमामा उठला तेव्हा त्याच्या डोळ्यात पाणी होतं. ते खरं होतं की खोटं, हे मला आजही सांगता येत नाही.

"इंदे," तो म्हणाला, "नशीब काढलंस बघ."

*

दिवेलागणीला तो तात्या गुरवांना घेऊन घरी आला. तात्या म्हातारे, देवळातला कौल तेच लावायचे. मूर्तीला फुलं चिकटवायची आणि कुठल्या अंगाचं फूल आधी पडतं त्यावरून देवाचा होकार-नकार सांगायचा. माणूस वाईट नव्हता. वाईट नसलेल्या माणसांनीही पोरी देवाला सोडलेल्या आहेत.

"लगीन-बिगीन काय न्हाई," भागूमामा आईला म्हणाला. "कायदा हाय, ठावं हाय मला. नुसता कवड्यांचा गाठा घालायचा गळ्यात. जत्रंच्या आदल्या दिशी, घरातल्या घरात."

"आणि मग?" मी विचारलं.

"मंग काय? देवाची."

"देवाची म्हणजे कुणाकुणाची? नावं सांगा ना, मामा."

"गया, पोरीचं तोंड आवर."

आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिनं मला गप्प बस म्हटलं नाही. त्यालाही काही म्हटलं नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, आणि पुढचा गोळा घेतला.

"आई, तू बोल की."

"काय बोलू?" ती म्हणाली. "तात्या हायेत बोलायला."

तात्या खाकरले. "पोरी, मी म्हंतो म्हनून न्हाई. रीत हाय. स्क्रू गंजल्याला व्हता, मानसाचा हात आत जायाला जागा न्हाई, हे खरं का न्हाई?"

"खरं. पण हवेला हात लागत नाही, तात्या. उद्या स्टुडिओत या. भंडारा कुठून आला ते दाखवते."

"दाव बाई," भागूमामा हसला. "देव कुठनं येतो ते आमालाबी बघूंदे. जलम गेला त्याच्यामागं नाचन्यात."

ते गेल्यावर मी आईला नाही नाही ते बोलले. तुला सुटका हवी, तुझी जागा मी भरावी म्हणून तू गप्प, असलं सगळं. तिनं माझं ताट वाढलं. मग म्हणाली, "जेवून घे. निवतंय."

*

सकाळी मी डबा उभा करून चालू केला, पत्रा परत लावला आणि उदबत्ती पेटवली.

गोष्ट साधी होती. कॉम्प्युटर तापतो, म्हणून डब्यात पंखे असतात. पुढचा पंखा बाहेरची हवा आत घेतो, मागचा आतली गरम हवा बाहेर फेकतो. चाचांचा डबा तापून बंद पडायचा, म्हणून तालुक्याच्या दुकानदारानं मागे आणखी एक पंखा ठोकून दिला होता. दोन्ही बाहेर फेकणारे. पुढचा मात्र जळून गेला होता. म्हणजे हवा बाहेर ढकलायला दोघं, आणि आत आणायला कुणी नाही. मग तो डबा दिसेल त्या फटीतून हवा ओढायचा. सीडीच्या खाचेतून, बटणाच्या कडेनं, स्क्रूच्या रिकाम्या भोकातून. आमच्या दारातल्या हवेत जत्रा-अमावस्येला काय असतं? भंडारा.

मी उदबत्ती सीडीच्या खाचेपाशी धरली. धूर सरळ वर जात होता, तो वळला आणि खाचेत शिरला. सापानं बिळात जावं तसा.

तात्या खाली वाकले. "वळला की रं धूर."

"असाच भंडारा आत गेला. मागचे पंखे ओढतात."

मी मागचे दोन्ही पंखे बंद करून परत उदबत्ती धरली. धूर वळला, पण अगदी थोडा. तात्या मान हलवत माझ्याकडे बघायला लागले आणि मला वाटलं, झालं, संपलं. पुरावा दाखवला की माणूस ऐकतो, हे मी कुठून शिकले होते कुणास ठाऊक.

"वळला," भागूमामा म्हणाला. "वळवला कुनी?"

"पंख्यानं."

"आन् पंख्याला फिरवतंय कोन?"

"वीज!"

"वीज कुनाची? वारा कुनाचा? एवढ्या दुकानांत डबं हायेत, तुझ्याच डब्यात का शिरला?"

"पायरीच्या तोंडाशी हेच एक दुकान आहे म्हणून."

"आन् पायरीच्या तोंडाशी तूच का बसलीस?" तो तात्यांकडे वळला. "तात्या, देव काय हातात काठी घेऊन येतोय व्हय? तो असाच येनार. वाऱ्यातनं."

तात्यांची मान थांबली. "त्येबी खरंच," ते पुटपुटले.

दारात लोक जमले होते. मी खरं दाखवलं होतं आणि या माणसानं तेच उचलून देवाच्या पदरात टाकलं होतं. त्याला खोटं पाडायचं तर त्याच्याच अंगणात पाडावं लागणार होतं.

"मग कौल लावा," मी म्हटलं.

"कसला?"

"डब्याचा. मी आतले पंखे माझ्या पद्धतीनं बसवते. मग तात्यांनी डबा स्वतः पुसायचा, बंद करायचा, नाड्यानं बांधून लाख लावायची. जत्राभर तो इथंच, याच जागी, चालू राहील. जत्रा उठली की तात्यांनी उघडायचा. आत चिमूटभर भंडारा निघाला, तर गाठा मी माझ्या हातानं घालेन. नाही निघाला, तर माझं नाव पुन्हा कुणी काढायचं नाही."

भागूमामाला हसू आवरेना. "देवानं यायचं ठरवलं तर तुझा पंखा त्याला अडवनार व्हय गं?"

"नाहीच अडवणार. मग तुम्हाला भ्यायचं काय कारण?"

दारातलं कुणीतरी म्हणालं, "बरोबर हाय की." आता त्याला मागं सरता येईना.

तात्यांनी डब्यावर हात ठेवला. "कौल मागायचा हक्क समद्यास्नी हाय," ते म्हणाले. "मी बांधीन नाडा."

सगळे गेल्यावर चाचांनी मला आत ओढलं. "बेटा, काय बोलून बसलीस? माझं दुकान त्यांच्या पायाशी हाय. मी मुलाणी मानूस. उद्या म्हनले, चाचानं देवाला डब्याबाहेर ठेवला, तर कुठं जाऊ?"

"चाचा, पंखे कुठं मिळतील?"

त्यांनी कपाळावर हात मारला. पण दुपारच्या एसटीनं तालुक्याला गेले आणि भंगारातल्या डब्यांचे तीन पंखे घेऊन आले. तिन्ही चालू होते. "दुकानदार विचारत होता, कशाला पाहिजेत," चाचा म्हणाले. "मी म्हटलं, लग्न मोडायला."

*

मी पुढे दोन पंखे बसवले, आत घेणारे. मागे एकच ठेवला, बाहेर फेकणारा. आत येणारी हवा जास्त आणि जाणारी कमी झाली की डबा आतून फुगतो, मग फटींतून हवा बाहेर पडते, आत येत नाही. पुढच्या पंख्यांवर कापड लावलं की येणारी हवा गाळून येणार. डोक्यात सगळं चोख होतं. घरी जाऊन आईकडे जुनं कापड मागितलं. तिनं ट्रंकेतलं एक जाड सुती लुगडं काढलं आणि टर्रकन फाडून दिलं. कशाला, ते विचारलं नाही. मला त्याचाही राग आला.

कापड लावलं, डबा चालू केला, उदबत्ती धरली. धूर खाचेत शिरला.

मी फटींना चिकटपट्टी लावली. धूर बटणापाशी शिरला. पंख्यांची जागा बदलली. धूर शिरतच होता. मला रडू फुटलं नाही, मी रडणारी नव्हेच. तात्या दुसऱ्या दिवशी बांधायला येणार होते.

मग मी डब्याच्या मागे हात धरून बसले आणि हाताला दोन ठिकाणी वारा लागला. मागच्या पंख्याचा, आणि त्याच्या वरचा. वीज घेणारी जी पेटी असते, तिच्या पोटात स्वतःचा एक पंखा असतो. तोही बाहेर फेकतो. त्याला मी हिशेबात धरलंच नव्हतं. म्हणजे बाहेर जाणारे दोन, आत येणारे दोन, आणि आत येणाऱ्यांच्या तोंडावर मी जाड लुगड्याचा बोळा दिला होता.

मागचा पंखा काढूनच टाकला, तर धूर बाहेर झुकायचा, पण थोड्या वेळात डबा असा तापला की कॉम्प्युटरचा पडदा गोठला. ते तर त्याहून वाईट. डबा तापून बंद पडला की पंखे थांबणार, आणि पंखे थांबले की भंडाऱ्याला सगळी दारं उघडी. भागूमामाच्या पायाशी लोळण घेण्यासारखंच ते. हवा आत जास्त पाहिजे होती, पण इतकी नव्हे की गरम हवा आतच कोंडून राहील.

मी परत आईकडे गेले. "पातळ पाहिजे. लुगडं चालत नाही."

तिनं या वेळी ट्रंक उघडली नाही. दोरीवर वाळत घातलेली जागरणाची हिरवी नायलॉनची साडी ओढली आणि तिचाच काठाकडचा तुकडा कापला. तिच्याकडे तशी साडी एकच होती.

"पुरंल का?" तिनं विचारलं.

"पुरेल."

पुठ्ठ्याचं एक खोकं कापून मी डब्याच्या तोंडाला बाहेरून बसवलं आणि त्यावर साडी ताणली, म्हणजे कापडाची जागा मोठी झाली आणि पंख्यांना ओढायला जड जाईना. मागचा पंखा परत लावला, पण पिवळ्या वायरीवरून काढून लाल वायरीवर, कमी जोराच्या. तो सावकाश फिरायला लागला, झोपाळल्यासारखा.

उदबत्ती खाचेपाशी नेली. धूर वर चढला, थबकला आणि माझ्या तोंडाकडे झुकला. बटणापाशी, स्क्रूपाशी, सगळीकडे तसाच. बाहेर.

चाचा मागे उभे होते. "चांगलं झालं का?" त्यांनी विचारलं.

"फुगलाय," मी म्हटलं.

*

तात्यांनी डबा पुसून बंद केला, नाडा बांधून लाख लावली; खोकं तेवढं बाहेर राहिलं. जत्रा सुरू झाली आणि मी ज्याचा विचार केला नव्हता ते घडलं. डब्याच्या कौलाची बातमी गावोगाव गेली होती. लोक देवदर्शन करून खाली आले की डब्याचं दर्शन घ्यायला स्टुडिओत शिरायला लागले. हवेतला भंडारा मी हिशेबात धरला होता. लोक मुठी भरभरून डब्यावरच उधळतील, हे धरलं नव्हतं. एक बाई तर डब्याला नारळ वाढवायला निघाली होती, चाचांनी हातापाया पडून तिला परत पाठवलं. तासाभरात डबा पिवळा, टेबल पिवळं, मी पिवळी.

आणि आई येऊन डब्याशेजारी बसली.

सकाळी आली ती भिंतीला पाठ लावून, डब्याला खांदा टेकवून. मांडीवर तिची ती मुरळीची घोळ, घंटा. वाजवत नव्हती, नुसती धरलेली.

"इथं काय बसलीस? पार्टीत जा," मी म्हटलं.

"गळा कुठं हाय. बसते हितंच."

"देव येतोय का बघायला?"

तिनं घोळ मांडीवर सरळ केली. जत्रा संपेपर्यंत हलली नाही. भाकरी तिथं खाल्ली, तिथंच भिंतीला टेकून डोळे मिटले. चाचा सांगायचे, शटर ओढलं तरी तुझी आई आतच राहाते, उठ म्हटलं तर उठत नाही. माझं डोकं तापायचं. आपल्या पोरीचं काय होणार ते ठरतंय आणि ही बाई त्याच डब्याची पुजारीण होऊन बसली आहे, असं वाटायचं. माणसं मग तिच्याही पाया पडायला लागली. तिनं कुणाला आशीर्वाद दिला नाही.

साडीचा तुकडा भंडाऱ्यानं भरून जड झाला. कापड चोंदलं की हवा आत येणार नाही आणि सगळं उलटं फिरणार. मी खोकं काढून झटकायला गेले तर भागूमामा आडवा आला. "देवाला पुसू नको. कौलात ते ठरलं न्हाई."

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "देवळातबी झाडू मारत्यात, भागू. खोकं नाड्याच्या भायेर हाय. झटकूंदे."

तात्यांना विचारलं. ते हो म्हणाले. मी झटकलं.

दुपारी उन्हानं छताचा पत्रा तापला आणि डबाही. फोटो निघेनात, पडदा रेंगाळायला लागला. मी छपाई थांबवली आणि हात डब्यावर ठेवून बसले, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. बाहेर जोडप्यांची रांग चिडली.

"ओ चाचा, गाडी चुकंल आमची!"

"थांबा जरा," चाचा म्हणाले. "देवाला घाम आलाय."

लोक हसले आणि थांबले. डबा हळूहळू निवला. बंद पडला नाही.

संध्याकाळी भागूमामा परत आला, या वेळी मूठ भरून. तो थेट डब्याच्या मागच्या बाजूला गेला, जिथे पंख्याची जाळी होती, आणि खाली वाकला. आईनं घोळ त्याच्या मनगटावर ठेवली.

"लांबनं उधळ," ती म्हणाली.

"मागनं दर्शन घ्यायचं न्हाई व्हय, गया?"

"घ्यायचं की. डोळ्यानं. हात न्हाई लावायचा."

तो सरळ उभा राहिला. मग हसला, मूठ वर केली आणि सगळा भंडारा तिच्याच डोक्यावर ओतला. "तुलाच घे," म्हणाला आणि गेला. तिनं डोकं झटकलंही नाही. मला वाटलं, बघा, किती भक्ती.

*

जत्रा उठल्यावर सकाळी तात्यांनी नाडा कापला. लाख आहे तशी होती. दाराशी माणसं दाटलेली. पत्रा मी काढावा की तात्यांनी, यावर थोडी बाचाबाची झाली. शेवटी तात्यांनीच काढला.

आत डबा स्वच्छ होता. पात्यांवर जरा करडी धूळ होती, कुठल्याही घरात असते तशी. तात्यांनी तळावरून बोट फिरवलं, कोपऱ्यात घातलं, वायरींच्या मागे घातलं. मग बोट उजेडात धरलं, उलटंपालटं केलं आणि सगळ्यांना दाखवलं.

"न्हाई," ते म्हणाले.

भागूमामानं त्यांना बाजूला सारलं आणि सबंध हात आत घातला. कोपरे चाचपले. हात बाहेर आला, कोरडा. "देव कोपलाय," तो म्हणाला. "पोरीनं त्याला भायेर ठेवला."

"भागू," तात्यांचा आवाज चढला, "कौल म्हंजे कौल. त्या दिशी तूच म्हनलास, देवाला पंखा अडवत न्हाई. आला न्हाई तो. हिला त्यानं मागितली न्हाई. इशय संपला."

भागूमामा दारात थुंकला आणि निघून गेला. पुढच्या वर्षी त्याच्या पार्टीत नवी मुरळी होती, कुठल्याशा वाडीवरून आणलेली, गालावर अजून लहान मुलीची लव. तिच्या घरी भंडारा कशात सापडला, मी विचारलं नाही. आज कुणी मला सांगतं की तू जिंकलीस, तेव्हा मला त्या पोरीचं तोंड दिसतं.

घरी आले तेव्हा आई मोरीत बसली होती, केस सोडून. डोक्यातला भंडारा निघत नव्हता. मी तांब्या घेतला आणि ओतायला लागले. पिवळं पाणी मोरीभर झालं. मला गप्प बसवेना.

"वाईट वाटलं असेल ना तुला? इतकी बसलीस, आणि देव काही आला नाही."

"मी देवाची वाट बघत न्हवते."

"मग?"

"हात बघत व्हते." तिनं डोळ्यांवरचं पाणी निपटलं. "समद्यांचं. भागूचं जास्त. वाऱ्याचं तू केलंस, मला त्यातलं कळत न्हाई. पर वारा अडवला की मानसं हात घालत्यात."

"तुला काय माहीत?"

"ओत की. थांबलीस का?"

मी ओतलं. तिची मान खाली होती, तोंड मला दिसत नव्हतं.

"आमच्या घरी डाळीचं मडकं व्हतं. शेणानं तोंड लिंपल्यालं. मी लई बारकी. आयनं ते फोडलं तर डाळीवर भंडारा. समदी गोळा झाली, पाया पडाय लागली. मी आयकडं बघितलं. तिनं हात पदराखाली घातलं."

"का?"

"नखं पिवळी व्हती तिची."

तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. बाहेर चाचांची हाक आली, कुठल्या तरी जोडप्याचा फोटो राहिला होता. मी ओ दिली नाही.

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"आमी पाच पोरी, इंदे. ती रडत व्हती. मला वाटलं, सांगितलं तर लोकं तिला मारत्याल." तिनं केस पिळले. पाणी अजून पिवळंच होतं. "तवा बोलले न्हाई. आन् आता मुरळीचं कोन ऐकतंय? म्हनून बसले."